पुआलुनाने न मारलेली हाक

पुआलुना मला ताई म्हणायचा. तो बासष्ट वर्षांचा, मी चोवीसची. त्याची थोरली बहीण इवालु ज्या हिवाळ्यात गेली त्याच हिवाळ्यात मी जन्मले. आमच्या रीतीप्रमाणे तिचं नाव मला मिळालं आणि नावाबरोबर तिची नातीही मिळाली. मी पाच वर्षांची असताना त्याच्या दारात गेले की तो उठून उभा राहायचा, बसायला अस्वलाचं कातडं पुढे सरकवायचा आणि विचारायचा, "ताई, सीलची कलेजी उकडू की कच्चीच देऊ?" इवालुला कच्ची आवडायची. मलाही आवडायला लागली.

थोरली बहीण म्हणून मला त्याच्यावर रागवायची मुभा होती. तंबाखू कमी कर, विजारीचा गुडघा शिवून घे, तुकुमेकशी नीट बोल. तुकुमेक त्याची बायको. ती चुलीपाशी बसून खुदखुदायची. "ऐक, ऐक. तुझ्या ताईचे दुधाचे दात पडताहेत, पण जीभ शाबूत आहे."

पण बर्फावर मी त्याला कधी काही सांगितलं नाही. बर्फावर कोणीच कोणाला काही सांगत नाही.

पुआलुनाचा बाप त्याला आठव्या वर्षी पहिल्यांदा गोठलेल्या खाडीवर घेऊन गेला. हातात लोखंडी टोकाची पहार दिली आणि स्वतः पुढे चालू लागला. बाप वळला की पुआलुना वळायचा. बाप थांबला की तो थांबायचा, आणि बाप काय पाहतोय ते पाहायचा. एकदा त्याचा पाय पातळ बर्फातून मांडीपर्यंत खाली गेला. बापाने त्याला बाहेर ओढलं, मोज्यात कोरडं गवत भरलं, आणि पुन्हा पुढे चालू लागला. "बाप आधी ओरडला नाही?" मी विचारलं होतं. पुआलुनाने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी विचारलं होतं की बापाने त्याला भरवलं नाही का. "मी आठ वर्षांचा होतो, ताई," तो म्हणाला. "लहान नव्हतो."

आमच्यात असंच आहे. ज्याला अक्कल आलीय त्याला पाऊल कुठे टाक हे सांगणं म्हणजे तुला अक्कल नाही असं त्याच्या तोंडावर म्हणणं. पुढचा माणूस वळतो आणि त्याची स्लेज, कुत्र्यांनी ओढायची घसरगाडी, बर्फावर रेघ ओढते. मागच्याने ती रेघ वाचायची. त्यातूनही कोणी चुकत असेल, तर पुढचा कुत्री थांबवतो आणि त्याच्याकडे बघत उभा राहतो. याच्याहून मोठा इशारा आमच्याकडे नाही. एवढ्यावर आमची माणसं इतकी वर्षं जगली.

दर एप्रिलमध्ये, सूर्य मावळायचा बंद होत आला की, दक्षिणेकडून मोहीम यायची. विमान दोन फेऱ्या करायचं आणि शाळेचा मोठा वर्ग त्यांच्या पेट्यांनी भरून जायचा. कोणी बर्फाची जाडी मोजणारे, कोणी खोल पाण्याच्या बाटल्या भरणारे, कोणी पक्ष्यांची अंडी तोलणारे. सीलच्या चरबीत लांबच्या कारखान्यांचं विष किती उतरलंय ते पाहणारा एक होता. एक बाई तर बर्फाखाली यंत्र सोडून नुसती ऐकत बसायची. उसाकाक नावाचा आमचा एक शिकारी दुकानासमोर दरवर्षी तोच विनोद करायचा, "बर्फाला इतकी भोकं पाडतात, आणि मग आम्हालाच विचारतात बर्फ का कमी होतोय!" दरवर्षी सगळे हसायचे.

पुआलुना अकरा वर्षं त्यांचा वाटाड्या होता. मी शेवटची चार वर्षं दुभाषी.

त्यांच्यात एस्किल होता. बर्फाच्या खालच्या अंगाला एक तपकिरी-हिरवं शेवाळ धरतं, ते खरवडून न्यायला तो यायचा. त्या शेवाळावर बारके जीव जगतात, त्यांच्यावर मासे, माशांवर सील, सीलवर आम्ही. त्यामुळे गावाने त्याचं नाव शेवाळ्या ठेवलं. इतका उंच, की स्लेजवर बसला की त्याचे पाय बर्फावर घासत जायचे. पहिल्या वर्षी तुकुमेकने त्याला सीलच्या कातड्यात मुरवलेले छोटे पक्षी खायला दिले. त्याने एक खाल्ला, बाहेर गेला, घरामागे ओकला, तोंड पुसत आत आला आणि म्हणाला, "अजून एक."

"ओकायचं बाहेर, खायचं आत," तुकुमेक म्हणाली. "शिकला बघा हा."

तो सात वर्षं आला. आमची भाषा त्याला मोडकीतोडकी यायची. पुआलुनाच्या मागे तो पावलावर पाऊल टाकून चालायचा, आणि त्याच्याकडे एक निळ्या पुठ्ठ्याची वही होती. संध्याकाळी तंबूत तो पुआलुनासमोर बसायचा आणि दिवसभर त्याने बर्फात काय पाहिलं ते विचारायचा. कुठे वळलास? का? कुत्रं कुठे अडलं? पुआलुना आधी लाजायचा. असलं कोणी विचारत नाही. मग हळूहळू बोलू लागला. 'इथे बर्फ काळा नव्हता, पण पहारेचा आवाज ओला आला.' 'इथे वडिलांच्या वेळी प्रवाह नव्हता.' मी भाषांतर करायचे, एस्किल तारखेसह लिहून घ्यायचा. मोहिमेच्या प्रमुख डॉक्टर टोरुन यांना ती वही आधी गंमत वाटायची. पुढे त्यांच्या यंत्राचे आकडे आणि वहीतल्या नोंदी जुळू लागल्या, तेव्हा त्यांनी तिची नक्कल मागून घेतली.

"माझं बोलणं कागदावर गेलं," पुआलुना एकदा मला म्हणाला. "ताई, आता मी मेलो तरी खाडी कोणाला तरी माहीत असेल." हसला की त्याच्या तोंडून आवाज यायचा नाही, फक्त खांदे हलायचे. त्या दिवशी ते बराच वेळ हलत होते.

खाडी मात्र बदलत होती. पूर्वी ऑक्टोबरात बर्फ धरायचा, आता डिसेंबर उजाडतो. भर हिवाळ्यात भेगा पडतात, पुन्हा गोठतात, वर बर्फ भुरभुरतो आणि सगळं एकसारखं पांढरं दिसतं. पुआलुना म्हणायचा, "बर्फ खोटं बोलत नाही. पण आजकाल पुटपुटतो."

ते घडलं त्या वर्षी मोहिमेने तीन नवी मशीन आणली होती, बर्फावर धावणारी, मोटरची. काचेच्या पडद्यावर खाडीचा नकाशा आणि त्यात सरळ आखलेली वाट. तरी पुआलुना पुढे असायचा, त्याची तेरा कुत्री, स्लेजवर मी, आणि मशीन मागे.

एकोणीस एप्रिल. खाडीच्या मधोमध असलेल्या मुक्कामावरून आम्ही परत येत होतो. ऊन इतकं की डोळे मिटावेसे वाटत होते. मागे दोन मशीनवर टोरुनबाई आणि पाण्याच्या बाटल्या भरणारे दोघे, आणि सगळ्यात शेवटी एस्किल. त्याची एक पेटी घसरून पडली म्हणून तो थांबला होता.

डाव्या टोकाच्या कड्याजवळ पुआलुनाने चाबूक हवेत फिरवला आणि कुत्री उजवीकडे वळवली. मोठं वळण घेतलं. मला कारण दिसलं, त्याच्याच शेजारी बसून मी वाचायला शिकले होते. खाडीभर वाऱ्याने बर्फावर कोरलेल्या वळ्या होत्या, आठवड्यापूर्वीच्या वादळातल्या, घट्ट, दगडासारख्या. तिथे त्या वळ्या अचानक संपल्या. चाळीस पावलांचा एक पट्टा अगदी गुळगुळीत होता आणि त्याच्या पलीकडे वळ्या पुन्हा सुरू होत होत्या. म्हणजे वादळ झालं तेव्हा तिथे बर्फच नव्हता. भेग होती. ती नंतर गोठली होती.

आम्ही वळलो. दोन्ही मशीन आमच्या रेघेवरून वळली. मग पुआलुनाने मागे पाहिलं.

एस्किलची पेटी बांधून झाली होती. तो आम्हाला गाठायला निघाला होता, आणि आम्ही वळसा घेऊन पट्ट्याच्या पलीकडे, त्याच्या समोरच आलो होतो. मधली वाट सरळ होती, पडद्यावरही तीच होती. तो रेघ सोडून सरळ येत होता.

पुआलुनाने कुत्री थांबवली. स्लेजवरून उतरला आणि उभा राहिला. त्याच्याकडे बघत.

मीही उतरले. मीही बघत राहिले.

वेळ होता, हे मला सांगायला हवं. मोटरचा आवाज असला तरी वारा आमच्याकडून त्याच्याकडे होता. हात वर करता आला असता. चाबूक आडवा धरता आला असता. एस्किलने आम्हाला उभं पाहिलं. त्याला वाटलं, आपल्यासाठी थांबलेत. त्याने हात हलवला.

मशीनचं तोंड खाली गेलं. आवाज मोठा नव्हता.

पुआलुना पोटावर सरपटत गेला, स्लेज पुढे ढकलत, दोर तोंडात धरून. मी त्याचे पाय धरले होते, टोरुनबाईंनी माझे. त्याचे हात काखेपर्यंत पाण्यात गेले. त्याच्या हाताला लागली ती फक्त टोपी, तुकुमेकने शिवलेली, कोल्ह्याच्या कातड्याची. एस्किलला दुसऱ्या दिवशी आकडा टाकून काढलं.

त्यानंतर पुआलुना घरात बसून राहिला. कुत्र्यांना मी खायला घालायचे. गावात कोणी काही विचारलं नाही. विचारत नाहीतच. पण उसाकाकने त्या वर्षी दुकानासमोर विनोद केला नाही.

आठ दिवसांनी दक्षिणेकडून चौकशीला एक गृहस्थ आले. टोरुनबाईंनी एक कागद लिहून ठेवला होता आणि तो मला पुआलुनाला वाचून दाखवायचा होता. मी त्याच्या घरी गेले. तो टोपी वाळवत बसला होता, आठ दिवस वाळवत होता.

मी वाचलं. बदलत्या हवामानामुळे बर्फाचं वागणं आता पूर्वीसारखं राहिलेलं नाही. घटनेच्या जागी असलेला धोका अनुभवी स्थानिक वाटाड्यालाही ओळखता आला नाही. खाली सहीची जागा होती.

"वाटाड्या म्हणजे मी?"

"हो."

"मला ओळखता आला नाही, असं लिहिलंय."

"तुला त्रास होऊ नये म्हणून लिहिलंय, पुआ. त्यांना खरंच तसं वाटतं."

त्याने टोपी उलटी केली. आतलं अस्तर अजून ओलसर होतं. "सही केली की काय होईल?"

"काही नाही. तुझ्याकडे कोणी बोट दाखवणार नाही. पुढच्या वर्षी बहुतेक वाटाडे नसतील. म्हाताऱ्यांनाही बर्फ कळत नाही म्हटल्यावर नुसता नकाशाच."

"आणि वही?"

मी कागद खाली ठेवला. सात वर्षांच्या नोंदी. ज्याला चाळीस पावलांचा पट्टा दिसला नाही त्याचं बोलणं कोण खरं धरणार?

तुकुमेक सुईत दोरा ओवत होती. तिने मान वर केली नाही. "सही कर की. आंधळा म्हणवून घेतलंस तर लोक हाताला धरून नेतात. बरं असतं."

"गप बस."

"मी गप्पच आहे. या घरात सगळे गप्पच असतात." तिने दोरा दाताने तोडला. "तुला दिसलं होतं ना?"

चाळीस वर्षांच्या संसारात तिने त्याला बर्फाविषयी विचारलेला तो पहिला प्रश्न असेल. तो तिच्याकडे बघत राहिला. मग माझ्याकडे वळला.

"ताई, तू सांग. मी काय करू?"

आणि मला, जिला त्याच्यावर रागवायची मुभा होती, काही सांगता येईना. मीही तिथे उभी होते. मलाही दिसलं होतं. एवढंच तोंडातून निघालं, "मी भाषांतर करीन. तू जे म्हणशील ते. एक शब्द कमी नाही."

दुसऱ्या दिवशी शाळेच्या वर्गात, मुलांच्या बुटक्या बाकांवर आम्ही बसलो. पुआलुनाने नवी विजार घातली होती. कागद त्याने घडी न घालता टेबलावर परत ठेवला.

"हे खरं नाही," तो म्हणाला. "मला धोका दिसला होता. मी वळलो. तो सरळ येताना दिसला, तेव्हा थांबलो. हाक मारली नाही."

मी भाषांतर केलं. चौकशीच्या गृहस्थांनी लिहिणं थांबवलं. टोरुनबाईंना माझं चुकलं असं वाटलं असावं. त्यांनी पुन्हा विचारायला सांगितलं. त्याने पुन्हा तेच सांगितलं, त्याच शब्दांत.

"का?" टोरुनबाई म्हणाल्या.

पुआलुना म्हणाला, "तो मोठा माणूस होता."

"मोठा माणूस!" त्या उठून उभ्या राहिल्या. "पुआलुना, तो सात वर्षं तुमच्या मागे चालला. सात वर्षं! त्याच्या आईला मी काय लिहू? एक हाक हवी होती. एक!"

"हो," पुआलुना म्हणाला.

"नुसतं हो?"

"ओरडलो असतो तर त्याचा अपमान झाला असता. तेव्हा असं वाटलं. आम्ही थांबतो आणि बघतो. आमच्या माणसाला ते कळतं." त्याने बोटं टेबलावर पसरली. दोन बोटांची टोकं थंडीने केव्हाच गेलेली. "तो आमच्यातला झालाय असं मी धरून चाललो. त्याच्यापुरतं मी चुकलो. पण बर्फ मला कळत नाही असं लिहू नका. वहीतलं सगळं खरं आहे. वळ्या कुठे संपत होत्या ते मी तुम्हाला आत्ता दाखवतो."

त्या गृहस्थांनी मला विचारलं, "तुम्ही स्लेजवर होता. तुम्हाला दिसलं होतं?"

मी माझ्याच उत्तराचं भाषांतर केलं. दोन्ही भाषांत ते एकाच शब्दाचं होतं.

टोरुनबाई खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. बाहेर मुलं बर्फाच्या ढिगावरून घसरत होती. त्या वळल्या नाहीत. पुआलुना उठला आणि बाकं नीट लावून घरी गेला.

अहवालात एक ओळ बदलली: वाटाड्याने धोका ओळखला होता, सूचना दिली नाही. वहीबद्दल काही नव्हतं. तिची नक्कल टोरुनबाईंनी परत केली नाही आणि फेकूनही दिली नाही, एवढं मला नंतर त्यांच्या एका सहकाऱ्याकडून कळलं. गावात दोन तट पडले. काही म्हणाले, गुपचूप सही केली असती तर काय बिघडलं असतं, आता आमच्यापैकी कोणाला काम मिळायचं नाही. उसाकाक म्हणाला, "निदान आंधळे तरी ठरलो नाही." दोन्ही बाजूंचं बोलणं पुआलुनाच्या कानावर यायचं. त्या हिवाळ्यात तो एकदम म्हातारा झाला. त्याचे खांदे हलताना मी पाहिले नाहीत.

पुढच्या एप्रिलमध्ये मोहीम आली. माणसं कमी, मशीन जास्त. वाटाड्या नव्हता. दुभाषी म्हणून मला ठेवलं, ते टोरुनबाईंनी आग्रह धरला म्हणून. पहिल्याच दिवशी आम्ही खाडीवर निघालो आणि मागून कुत्र्यांचा आवाज आला.

पुआलुनाने तेरा कुत्री जुंपली होती. त्याला कोणी बोलावलं नव्हतं. तो आमच्या उजव्या अंगाने थोडं अंतर ठेवून चालला, जणू सीलच्या शिकारीला निघालाय आणि वाट सहज जुळली. कड्यापाशी पहिलं मशीन सरळ जाऊ लागलं, आणि तो ओरडला.

पुआलुना ओरडला. आवाज चिरका होता, कधी न वापरलेला. "उजवीकडे! ए! उजवीकडे वळ!"

मशीन थांबलं. चालवणारा नवा मुलगा गोंधळून माझ्याकडे पाहू लागला. मी भाषांतर केलं. तो वळला. पुआलुनाने मान खाली घातली होती. चेहरा तापल्यासारखा लाल झाला होता, ते थंडीने नव्हतं. चारचौघांत विजार सुटावी तसा तो शरमला होता.

मग रोजच ते सुरू झालं. आम्ही निघालो की तो निघायचा. दिवसातून पाच वेळा, दहा वेळा. थांब. मागे घे. तिकडे नको. मशीनवरची पोरं ऐकायची, कधी हसायची. आमच्या गावातलेही हसले. दोन शिकारी एकदा त्याच्या मागून येत होते, त्यांनाही तो ओरडला. त्यांतला एक संध्याकाळी दुकानात म्हणाला, "म्हातारा आता कुत्र्यांबरोबर भुंकायला शिकला." तुकुमेक तिथेच चहाची पुडी घेत होती. "भुंकू दे," ती म्हणाली. "तुझं बूड कोरडं आहे ना?"

टोरुनबाई त्याच्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. पण चौथ्या दिवशी त्यांनी मशीन सुरू करायच्या आधी मागे वळून पाहिलं आणि कुत्री दिसेपर्यंत थांबल्या. पाचव्या दिवशीही थांबल्या.

एकोणीस एप्रिलला मी चालत निघाले, एकटीच, कड्याच्या बाजूने. मला ती जागा पाहायची होती. या वर्षी तिथे बर्फ जाड होता, वळ्या सलग होत्या, मी पहारेने तीनदा ठोकून पाहिलं होतं. आवाज कोरडा आला होता. बरोबर चालले होते मी.

मागून हाक आली. "ताई!"

मी वळून पाहिलं. तो स्लेजवर उभा होता. आयुष्यात थोरल्या बहिणीला त्याने कधी काही सांगितलं नव्हतं. त्याने हात वर केला होता.

"डावीकडे, ताई! डावीकडून चाल!"

डावीकडे काही वेगळं नव्हतं. त्यालाही ते दिसत असणार.

मी डावीकडे वळले. बरंच अंतर तशीच चालले. मागे कुत्री शांत होती, आणि तो अजून उभाच असावा, कारण स्लेजचा आवाज आला नाही.